पुढच्याला ठेच लागली, पण तो बोललाच नाही तर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर लगेच कळेल. तुमच्या आधीच्या मॅनेजरने दर शुक्रवारी एक बैठक सुरू केली होती. प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक सगळ्यांसमोर सांगायची. तुम्ही विश्वासाने सांगितलीत: क्लायंटला जुनी कॉन्फिगरेशन फाइल गेली होती. तीन महिन्यांनी अप्रेझलच्या फॉर्मवर ‘सुधारणेला वाव’ या रकान्यात ती जवळजवळ तुमच्याच शब्दांत उतरलेली सापडली. त्यानंतर त्या बैठकीत सगळे ‘मी कधीकधी जरा जास्तच काम अंगावर घेते’ असल्या चुका सांगू लागले. आता तो मॅनेजर दुसरीकडे गेला, आठ जणांची टीम तुमच्याकडे आली, आणि लोकांना पुन्हा बोलतं कसं करायचं हे तुम्ही विचारताय. जोडीला तीन उपप्रश्न आहेत: नाव घ्यायचं की नाही, वारंवार चुकणाऱ्याचं काय करायचं, आणि ती अप्रेझलची जुनी गोष्ट टीमसमोर काढावी का.

मी बावीस वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या यंत्रणा चालू ठेवायच्या कामात आहे. पहिली बारा-तेरा वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलण्यात गेली. गेली नऊ वर्षं, मोठा बिघाड निस्तरला की सगळ्यांना बसवून ‘नेमकं काय झालं’ ते काढायचं काम माझ्याकडे असतं. आमच्याकडे त्या बैठकीला पोस्टमॉर्टम म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण मढं समोर ठेवलं की लोक आपोआप मारेकरी शोधायला लागतात. पण बारसं नव्याने करून काही बदलत नाही हेही पाहिलंय, म्हणून तो शब्द तसाच चालू दिला.

तुमची टीम घाबरलेली आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, तिने हिशेब मांडलाय. चूक सांगितल्यावर काय होतं याचा त्या आठ जणांकडे एकच पक्का पुरावा आहे, आणि तो म्हणजे तुमच्या फॉर्मवरचा तो रकाना. तुम्ही मोकळेपणावर कितीही सुंदर बोललात तरी त्या पुराव्यापुढे भाषण टिकणार नाही. त्याला उत्तर दुसऱ्या पुराव्यानेच मिळेल. पुढची जी व्यक्ती पहिल्यांदा खरी चूक सांगेल, तिचं नंतरच्या तीन-चार महिन्यांत काय होतं हे बाकीचे सात जण डोळ्यांत तेल घालून पाहणार आहेत. म्हणून ‘लोकांना बोलतं कसं करू’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. जो बोलेल त्याला सांभाळायचं कसं, तिथून सुरुवात करा.

न बोलण्याची किंमत काय असते ते मला माझ्याच चुकीने शिकवलं, म्हणून ती सांगते.

नोकरीच्या सहाव्या वर्षी एका रात्री मेंटेनन्स होतं. काम चालू असताना डिस्कचे अलर्ट सारखे वाजत होते, म्हणून मी ते म्यूट केले. पहाटे चारला काम संपलं, लॅपटॉप मिटला, झोपले. अलर्ट परत चालू करायचे राहून गेले. नऊ दिवसांनी भलत्याच कामासाठी अलर्टचं पान उघडलं, तर त्या सर्व्हरच्या नावापुढे तिरका कट मारलेली घंटा. पोटात गोळा आला. डिस्क पाहिली, ८१ टक्के भरली होती. म्हणजे अजून वेळ होता. आजूबाजूला पाहिलं, कोणाचं लक्ष नव्हतं. घंटेवर क्लिक केलं, कट गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाचं काही बिघडलं नव्हतं, मग सांगायचं तरी काय?

चार महिन्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने तंतोतंत हेच केलं. त्याचा सर्व्हर मात्र बाराव्या दिवशी रात्री दोनला भरला आणि सेवा पाच तास बंद राहिली. नंतरच्या बैठकीत त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ‘इतकी साधी गोष्ट विसरतोच कसा माणूस?’ कोणीतरी म्हणालं. कसा विसरतो ते त्या खोलीत मला नेमकं माहीत होतं, आणि मी तेव्हाही गप्प बसले. आरसीएच्या, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधणाऱ्या अहवालाच्या शेवटी दोन ओळी आल्या: ‘कारण: मानवी चूक. उपाय: संबंधितास समज देण्यात आली.’

त्या टूलमध्ये म्यूट करताना मुदत टाकायचा एक रकाना होता. तो ऐच्छिक होता, आणि रिकामा सोडला की त्याचा अर्थ ‘कायमचं म्यूट’ असा व्हायचा. सगळं दुखणं एवढंच. मी चार महिने आधी ‘माझं असं झालं’ म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो रकाना सक्तीचा करून टाकला असता. तो पुढे सक्तीचा झालाही, पण आणखी दीड वर्षाने, तिसरा माणूस त्याच खड्ड्यात पडल्यावर.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण सहज म्हणून जातो. पुढचा ‘आई गं’ म्हणून ओरडेल हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तो ओठ चावून, न लंगडता तसाच चालत राहिला तर दगड कुठे आहे ते मागच्याला कळायचं कसं?

विमान वाहतुकीने याची भयंकर किंमत मोजली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरायच्या बेतात असताना डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. उतरायची परवानगी मिळाली, म्हणजे आता खाली यायला हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला होता. त्या टप्प्यावर डोंगरापासून सुरक्षित उंची राखणं वैमानिकाकडे आहे, असं जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक धरून चालले होते. चौकशीत कळलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाचा त्याच ठिकाणी हाच गैरसमज झाला होता आणि ते थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी झाकून ठेवलं नाही, कंपनीत सांगितलं. कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावधही केलं. ती बातमी कुंपण ओलांडून दुसऱ्या कंपनीकडे मात्र गेली नाही.

यातून १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिकांनी आणि नियंत्रकांनी आपल्या चुका, टळलेले अपघात स्वतःहून कळवायची एक व्यवस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. तिची घडण तुमच्या कामाची आहे. परवाने काढून घेणारी, दंड करणारी जी सरकारी यंत्रणा आहे, तिच्याकडे हे अहवाल जात नाहीत. ते नासाकडे जातात, आणि नासाला वैमानिकाचं काही वाकडं करायचा अधिकार नाही. अहवालातली ओळख पटवणारी माहिती काढून मगच तो जपला जातो. दहा दिवसांच्या आत कळवलं, कृत्य मुद्दाम केलेलं नसलं, गुन्हा किंवा अपघात नसला, तर काही अटींवर नियमभंगाची शिक्षा माफ होते. सगळं नव्हे, काही अटींवर, आणि त्या अटी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. कळवणाऱ्याला पेन उचलण्यापूर्वीच माहीत असतं की आपलं काय होणार आणि काय नाही.

आता तुमची अडचण बघा. चूक ऐकणार तुम्ही, आणि अप्रेझल लिहिणारही तुम्हीच. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. आधीच्या मॅनेजरचा हेतू वाईटच असेल असं मला वाटत नाही. मार्चमध्ये फॉर्म भरायला बसला असेल, ‘सुधारणेला वाव’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि डोक्यात पहिली आली ती तुम्हीच सांगितलेली गोष्ट. असंच होतं. म्हणून नुसत्या चांगल्या हेतूवर विसंबू नका.

मी काय करते ते सांगते. चुकांच्या बैठकीची वही वेगळी असते आणि अप्रेझल लिहिताना ती मी उघडत नाही. बैठक शक्यतो दुसऱ्या टीमच्या माणसाला चालवायला देते, आणि त्याच्या टीमची मी चालवते. एक नियम लिहून सगळ्यांना दिलेला आहे: जी गोष्ट मला पहिल्यांदा त्या बैठकीत कळली, ती अप्रेझलमध्ये येणार नाही. पाठवण्यापूर्वी मजकूर ज्याचा त्याला दाखवते, आणि नियम मोडलाय असं वाटलं तर ते वाक्य काढायचा हक्क त्याला. नऊ वर्षांत हा हक्क दोनदा वापरला गेला. एकदा खरंच माझ्याकडून नियम मोडला गेला होता.

हे सगळं करण्याआधी तुमच्या वरिष्ठांना लेखी विचारा. ते ‘हो’ म्हणाले तरच टीमला शब्द द्या. ‘तसं नाही सांगता येणार, प्रसंग पाहून ठरवू’ असं उत्तर आलं, तर औपचारिक असं काही सुरू करू नका. मग आपल्या आवाक्यात जेवढं आहे, म्हणजे तुमच्यापर्यंत आलेली चूक तुमच्याच पातळीवर दुरुस्त करणं, तेवढंच करा आणि तेवढाच शब्द द्या. अर्धवट संरक्षणापेक्षा काहीच नसलेलं बरं, असं मी अनुभवाने म्हणते. एकदा भाजलेला माणूस परत येतो, दुसऱ्यांदा भाजलेला येत नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकते. ग्राहकांची खाजगी माहिती बाहेर गेली असेल, सुरक्षेत भोक पडलं असेल किंवा पैशांचा घोटाळा असेल, तर आधी ठरलेल्या अधिकृत मार्गाने कळवायचं, टीममधला मोकळेपणा नंतर. तिथे ‘आपल्यातच ठेवू’ म्हणालात तर तुम्ही स्वतः अडचणीत याल. टीममध्ये कंत्राटी लोक असतील तर त्यांच्यावर बोलायची सक्ती नको, कारण त्यांचं कंत्राट वाढवायचं की नाही हे ठरवणारा कदाचित तुमच्या शब्दाला बांधील नसेल. आणि टीम घरून काम करणारी असेल तर पहिली वाच्यता बहुधा चॅटवर, एकट्या तुमच्याकडे होईल. ती तुम्ही परस्पर ग्रुपवर टाकू नका.

आता पहिल्या मिनिटाबद्दल. सगळ्यात जास्त इथेच बिघडतं.

आमच्याकडे एक नवा मुलगा आला होता, तिसरा महिना चालू होता. एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, हातातला मोबाइल उगाच उलटासुलटा करत. म्हणाला, ‘मॅडम, एक मिनिट... टेस्टला रीस्टार्ट देतोय असं समजून मी प्रॉडक्शनला दिला.’ म्हणजे चाचणीच्या सर्व्हरऐवजी ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: ‘अरे, बघून द्यायचा ना!’ ते गिळायला मला दोन सेकंद लागले, आणि ते दोन सेकंद तो माझा चेहरा वाचत होता. मग म्हटलं, ‘बरं झालं लगेच सांगितलंस. आत्ता चालू आहे का?’ चालू होतं. दोन मिनिटं सेवा बंद पडली होती, तेवढंच. त्याला म्हटलं, ‘चल, तुझी स्क्रीन दाखव. त्या वेळी काय दिसत होतं?’

दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी, एकाच मापाच्या. वरच्या पट्टीत सर्व्हरची नावं, अक्षरन् अक्षर सारखी. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा, एकीला इंग्रजी एक आणि दुसरीला इंग्रजी सात. त्या बारीक टायपात मला चष्मा लावूनही ते पटकन ओळखता आले नाहीत. दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांच्या मशीनवर प्रॉडक्शनच्या खिडकीची पार्श्वभूमी गडद लाल करून टाकली. संध्याकाळी आमच्यातला सर्वांत जुना, बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस चहाच्या वेळी म्हणाला, ‘बरं केलंत. माझंही दोनदा झालंय.’ दोनदा! आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता.

‘बघून करायचं ना’ या वाक्यात चुकलेल्याला उपयोगी पडेल असं काहीही नसतं. बघून करायचं असतं हे त्याला माहीत असतंच. आजूबाजूला बसून ऐकणाऱ्यांना मात्र त्यातून भरपूर कळतं: इथे सांगितलं की हे ऐकावं लागतं. ‘का केलंस?’ हेही तसंच. आपल्या बोलण्यात ‘का’ बहुतेक वेळा दटावण्यासाठीच येतो. ‘का रे उशीर केलास?’ याला कोणी कारण देत नाही, सबब देतो. म्हणून मी ‘का’ टाळते. काय दिसत होतं, त्याच्या आधी काय चालू होतं, कोणाचा फोन आला होता का, असं विचारते. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: ‘हे बरोबर आहे असं तुला कशावरून वाटलं?’ कारण त्या क्षणी प्रत्येकाला आपण बरोबरच करतोय असं वाटत असतं. चुकीचं आहे हे माहीत असून कोणी बटण दाबत नाही.

शेवट कळला की आधीचा रस्ता सरळ दिसू लागतो, हे मानसशास्त्रात जुनं आहे. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या एका लढाईचं वर्णन वाचायला दिलं होतं. वर्णन सर्वांना एकच, पण वेगवेगळ्या गटांना शेवट वेगवेगळा सांगितला. जो शेवट ज्यांना सांगितला, तोच होण्याची शक्यता जास्त होती असं त्यांना वाटलं. आपल्या बैठकीत ‘हे तर दिसतच होतं’ असं कोणी म्हणालं की मला ते गट आठवतात. म्हणून मी घटनाक्रम सुरुवातीपासून लिहायला लावते. किती वाजता काय माहीत होतं, त्यापुढचं त्या ओळीत लिहायचं नाही.

तुमची ती शुक्रवारची बैठक मी तरी पुन्हा सुरू करणार नाही. आठवड्याला एक चूक असा कोटा ठेवला की लोक चुका तयार करतात, त्याही गोंडस. चुका काही आठवड्याच्या वेळापत्रकाने होत नाहीत. काही घडलं की दोन दिवसांच्या आत पंधरा-वीस मिनिटं बसा, आणि एक परिच्छेद सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहून ठेवा. सुरुवात ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रसंगांनी करा. त्यात नुकसान झालेलं नसतं, अहंकाराला झळ कमी लागते, आणि शिकायला तेवढंच मिळतं. माझी ती कट मारलेली घंटा आठवा. नवव्या दिवशी ती ‘थोडक्यात वाचलो’ या सदरातली होती.

पहिली चूक तुम्ही स्वतःची सांगा. पण ती कशी निवडता याला महत्त्व आहे. दहा वर्षांपूर्वीची, शेवटी तुमची हुशारी दिसेल अशी गोष्ट नको. लोक ती ओळखतात. गेल्या महिन्यातली, सांगताना कान थोडे गरम होतील अशी हवी. आणि एक-दोनदाच. लीडच रोज कबुलीजबाब देत सुटला तर टीमला वेगळीच काळजी लागते.

या बैठकांतून काय निघतं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण गिटलॅब या, सॉफ्टवेअरचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतःच जगासमोर मांडलं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने डेटाबेसची डिरेक्टरी भलत्याच सर्व्हरवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर पुसली. चूक लक्षात आली एक-दोन सेकंदांत, पण ३०० जीबीच्या आसपास डेटा होता त्यातला साडेचार जीबीच उरला. इथवर ही एका माणसाची चूक. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता, कारण सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, तेही नाकारले जात होते. पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, भरवशाची एकही नाही. योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी दुरुस्ती चालू असतानाच टिपणं लोकांसाठी खुली केली, आणि नंतरच्या सविस्तर अहवालात इंजिनिअरचा उल्लेख ‘टीम मेंबर १’ एवढाच होता. कल्पना करा, त्या रात्री ‘मानवी चूक, समज दिली’ असं लिहून फाइल मिटली असती तर? ते पाच मोडके बॅकअप तसेच राहिले असते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी वरून लेखी परवानगी, मग अप्रेझलपासून फारकत, पहिल्या मिनिटाला जीभ आवरणं, आणि कोटा नको, प्रसंग घडेल तेव्हा बैठक. आता उपप्रश्न.

नावाचं सोपं आहे. टीमच्या बैठकीत ज्याची चूक तोच सांगतो, त्यामुळे नाव लपवायचा प्रश्न येत नाही. दुसऱ्याची चूक सांगायला मात्र आमच्याकडे सक्त मनाई आहे. लेखी नोंदीत नाव नाही, भूमिका लिहायची: ‘ऑन-कॉल इंजिनिअर’, ‘रिव्ह्यू करणारी व्यक्ती’. वर जाणाऱ्या अहवालातही तेच. वरून ‘कोण होतं?’ असा फोन येतो, येणारच. मी म्हणते, ‘माझी टीम होती, काय हवंय ते मला विचारा.’ पहिल्या वेळी समोरचा चिडतो. तिसऱ्या वेळी विचारत नाही.

वारंवार चुकणारा हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि मोकळेपणामुळे त्याला आडोसा मिळेल ही तुमची शंका रास्त आहे. मी स्वतःला एक गोष्ट विचारते: याच्या जागी, याच वेळी, तेवढाच अनुभव असलेला दुसरा कोणी बसवला असता तर त्याने काय केलं असतं? बहुतेकांनी तेच केलं असतं, तर जागा दुरुस्त करायची. एकाच ठिकाणी वेगवेगळे लोक पडत असतील तर तो खड्डाच आहे. एकच माणूस वेगवेगळ्या ठिकाणी पडत असेल तर त्याच्याशी दार लावून बोलायचं. प्रशिक्षण कमी पडतंय, काम झेपत नाहीये, की घरी काही चालू आहे? हे बोलणं त्याच्या रोजच्या कामावरून करायचं, बैठकीतल्या कबुलीवरून नाही. तशा माणसाच्या उणिवा दिसायला कबुली लागतही नाही.

तिसरा प्रकार म्हणजे नियम माहीत असून तो डावलणारा. रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याकडून तपासणी, न करून घेता शुक्रवारी संध्याकाळी बदल ढकलून निघून जाणारा. त्याला आमच्या लेखी नियमाचं संरक्षण नाही, आणि तसं त्यात लिहिलेलंही आहे. पण तिथेही एकदा मी घाईने बोलले होते. नंतर कळलं की रिव्ह्यू करायला त्या वेळी कोणी जागेवर नसायचंच, आणि सगळी टीम कित्येक महिने तेच करत होती. पकडला गेला तो एक.

एक इशारा. सगळं नीट जमलं तर पहिल्या सहा महिन्यांत नोंदलेल्या चुका वाढतील. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात दोन हॉस्पिटलांतल्या आठ विभागांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीम कमी चुकत असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. ज्या टीममध्ये एकोपा आणि नेतृत्व चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा होऊ लागला: त्या टीम जास्त चुकत होत्या असं नव्हे, जास्त सांगत होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या वरिष्ठांना हे आत्ताच सांगून ठेवा. आलेख वर गेल्यावर सांगितलंत तर ती सबब वाटेल.

राहिला तुमच्या अप्रेझलचा किस्सा. तो टीमसमोर काढाच. आठही जणांना तो माहीत आहे, आणि तुम्ही टाळलात तर तुम्हीही तोच फॉर्म भरणार आहात असं ते धरतील. आधीच्या मॅनेजरच्या हेतूबद्दल मात्र एक अक्षरही बोलू नका. तो तिथे नाही, आणि उद्या तुमच्याबद्दल कोणी असंच बोलेल हे ऐकणाऱ्यांच्या लगेच डोक्यात येतं. मी असं काहीसं म्हणाले असते: ‘माझी सांगितलेली चूक फॉर्मवर आली होती, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या हातून तसं होऊ नये म्हणून हे नियम लिहिलेत, वरून मंजुरी घेतली आहे, हा तो ईमेल. मार्चमध्ये तुमचा मजकूर पाठवायच्या आधी तुम्हाला दाखवीन.’ आणि मग गेल्या महिन्यातली तुमची ती कान गरम करणारी गोष्ट.

त्यानंतर कोणी लगेच बोलणार नाही. ‘मग, कोणाला काही सांगायचंय?’ असं विचारून सगळ्यांकडे बघत बसू नका, कामाला लागा. दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी टेबलाशी येऊन उगाच मोबाइल फिरवत उभं राहील.